गजेंद्ररावांची बर्फाची तयारी

अकोल्याच्या सासुरवाडीत दिवाळीच्या पंगतीला गजेंद्र गावंडे यांनी आणखी एक पुरी नको म्हटली, आणि तिथंच सगळं बिघडलं. तोंडात पुरी असती तर ते बोलले नसते. पण तोंड रिकामं होतं, आणि समोर त्यांचे साडू श्यामराव दुबईतल्या उंच इमारतीवरून खाली कसं दिसतं हे पुन्हा एकदा सांगत होते.

श्यामरावांचं अकोल्यात बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. गजेंद्रराव अमरावतीला सरकारी कचेरीत बडे बाबू. नात्यानं गजेंद्रराव थोरले जावई, पण सासुरवाडीत थोरलेपण वयावर मिळत नाही हे धाकट्या जावयाचा प्रवेश झाल्याबरोबर त्यांना कळलं होतं. सासरे खुशालराव पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणत, "हे आमचे श्यामराव. सोताचं दुकान हाय." मग जरा थांबून, "अन् हे पण आमचेच." ते 'पण' गेली वीस वर्षं गजेंद्ररावांच्या घशात अडकलं होतं. (पुरी नको म्हणण्याचं खरं कारण हेच असावं.)

"आमी यंदा स्कीइंगले चाललो," गजेंद्रराव म्हणाले.

पंगत थांबली. त्यांची बायको दामिनी भाजी वाढता वाढता थांबली, कारण ही बातमी तिलाही आत्ताच कळत होती.

"म्हणजे ते बर्फाच्या डोंगरावरून घसरतात ते?" खुशालरावांनी विचारलं.

"ते साधं झालं, मामाजी. आमचं क्रॉस-कंट्री." हा शब्द त्यांनी कचेरीत दुपारच्या फावल्या वेळात मोबाईलवर वाचला होता. (फावला वेळ सकाळीही असे, पण सकाळी ते पेपर वाचत.) "सपाट बर्फावर पायाले लांब पट्ट्या बांधाच्या अन् जंगलातून सरकत सरकत जाचं. संगं गाईड राहते."

"चालतच जाचं तं इतल्या दूर काहून?" कौशल्या आत्या म्हणाल्या. या खुशालरावांच्या धाकट्या बहीण. त्यांच्या प्रश्नांना सहसा उत्तर नसतं.

पण खुशालराव चक्क मान डोलवत होते. "हे नवीन हाय. दुबईले तं आजकाल कोनीबी जाते."

श्यामरावांच्या हातातला अनारसा हातातच राहिला. तो अनारसा पाहिल्यावर मागे फिरणं गजेंद्ररावांना शक्य नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मनालीकडच्या एका गाईडकडे जानेवारीतल्या दोन जागा धरल्या. दामिनीनं आधी कपाळावर हात मारला आणि मग दोन गरम जाकिटं आणली. "बाबासमोर बोलले ना? आता चला," ती म्हणाली.

गाईड मोठा शिस्तीचा. तो फोनवर रोज तयारी विचारायचा. "सर, पट्टी आदमी की हाइट से थोड़ी लंबी होती है. असली हम यहाँ देंगे. आप घर पर कुछ भी बाँध के घास पर सरकने की आदत डालिए. और पूरे कपड़े पहन के पैदल चलिए. याद रखिए, बर्फ में दस्ताना कभी नहीं उतारना."

डिसेंबरात खुशालराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अमरावतीला लेकीकडे आले. गजेंद्ररावांना ही दैवी संधी वाटली. रोज सकाळी अंगणात सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत सराव करायचा. (एकाच डोळ्यादेखत; दुसऱ्यावर पट्टी होती.) लाकडी पट्ट्या करून घेण्यापेक्षा बांबू चिरून बांधले तर काम भागेल असा हिशेब करून ते रविवारी सकाळीच इतवारा बाजारातल्या बांबूच्या दुकानात पोचले.

"दोन बांबू पायजे. सरळ. अन् बांधाले सुतळी. अन् थोडं गवत."

दुकानदारानं चालू असलेलं गाणं बंद केलं. "उंची किती?"

माणूस जाणकार निघाला म्हणून गजेंद्रराव खूश झाले. "पाच फूट पाच. माह्याच मापाचे धरा."

"घरचंच काम हाय?"

"घरचंच."

"कापड घेतलं?"

"घेतलं ना. चांगलं गरम घेतलं. तिकडं थंडी लय राहते म्हणते."

"तिकडचं कोनाले मालूम, साहेब," दुकानदार हळूच म्हणाला, आणि न सांगता त्यानं सामानात एक मडकंही ठेवलं. मडकं कशाला, असं गजेंद्ररावांनी विचारलं नाही. (फुकट मिळालेल्या वस्तूला त्यांनी आयुष्यात असा प्रश्न केला नव्हता.)

आता कुणी म्हणेल, दोन बांबू, सुतळी, गवत आणि मडकं हे एकत्र कशासाठी नेतात हे पन्नाशी उलटलेल्या माणसाला कळू नये? पण गजेंद्रराव मयताला नेहमी थेट स्मशानात जात, तेही सगळं आटोपत आल्यावर. ज्यांना दिसायला हवं त्यांना दिसून ते कचेरीत परत. तिरडीचं सामान कोण आणतं, ती बांधतं कोण, हे बघण्याची पाळी त्यांनी स्वतःवर येऊच दिली नव्हती. ऑटोवाल्यानं घरासमोर सामान उतरवून दिलं आणि "धीर धरा, काका," म्हणाला, तेव्हाही त्याला स्कीइंगमधलं बरंच कळतं असं त्यांना वाटलं.

घरी दामिनी नव्हती. ती तिवश्याला मैत्रिणीच्या नातवाच्या बारशाला गेली होती. खुशालराव आतल्या खोलीत घोरत होते. बांबू चिरायच्या आधी पायी फेरी उरकावी म्हणून गजेंद्ररावांनी सामान अंगणात मांडलं, जाकीट चढवलं, माकडटोपी, गॉगल, जाडजूड हातमोजे असा सगळा सरंजाम केला, आणि गल्लीतली पोरं मागे लागू नयेत म्हणून पुढची कडी आतून लावून मागच्या दारानं वडाळी तलावाकडे निघाले.

समोरच्या घरात नागसेनराव राहतात. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. गल्लीत कुणाचंही काही झालं की खुर्च्या, चहा, फोन, सगळं तेच पाहतात, आणि फार चोख पाहतात. झाडांना पाणी घालताना त्यांचं लक्ष गावंड्यांच्या अंगणाकडे गेलं. घरात ऑपरेशन झालेला ऐंशीचा म्हातारा, आणि दारात हे सामान. त्यांनी दार वाजवलं. खुशालरावांना मुळातच कमी ऐकू येतं. मंडळी दवाखान्यातून देह आणायला गेली असणार हे नागसेनरावांनी ओळखलं आणि कामाला लागले. गल्लीच्या ग्रुपवर समईचं चित्र गेलं. अकोल्याला फोन गेला. दामिनीलाही तिवश्यात कळलं.

गजेंद्ररावांच्या खिशातला फोन तलावापर्यंत एकसारखा वाजत होता. तो काढूनही पाहिला त्यांनी, पण हातमोज्याचं बोट काही फोन ओळखेना. आणि हातमोजा काढायचा नाही, असं गाईडनं बजावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाचा हुकूम शब्दशः पाळला तो हा.

अकोल्याची जीप आली. कौशल्या आत्यांनी जीपमधूनच गळा काढला. त्या आवाजानं मात्र खुशालरावांना जाग आली. दार उघडून बाहेर येतात तो अंगणभर माणसं आणि रडारड. कुणीतरी आपल्यातलं गेलं एवढं त्यांना समजलं. ते पायरीवर बसून रीतीप्रमाणे डोळ्यांना धोतर लावू लागले. कोण गेलं हे विचारायचं राहून गेलं.

"दादा, तुमी?" आत्यांनी डोळ्यांवरचा पदर बाजूला केला.

"मी काहून? मी तं चहाची वाट पाहून राहिलो."

मग गेलं कोण? आत्यांनी डोळे पुसले आणि बांबूंकडे जाणत्या नजरेनं पाहिलं. खुशालराव सहा फुटी गडी. "हे बांबू दादाले पुरत नाई," त्या म्हणाल्या. "हे जावायाच्या मापाचे हाय."

गजेंद्रराव सकाळपासून दिसले नव्हते. फोन वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. शंकेला जागाच उरली नाही. आधी सगळ्यांच्या तोंडून "दादा वाचले, देवाची किरपा" असं निघालं आणि नंतर दुःख सुरू झालं. दामिनीलाही सुधारलेली बातमी कळवण्यात आली.

अशा वेळी तलावाला तीन फेऱ्या मारून गजेंद्रराव घामानं निथळत फाटकातून आत आले. माकडटोपी आणि गॉगल यांतून नाकाचं टोक तेवढं दिसत होतं. नागसेनरावांनी त्यांना खूण करून खुर्ची दिली. सासरे मधोमध चहा पिताना दिसले तेव्हा गजेंद्ररावांचा जीव भांड्यात पडला.

"कोण गेलं?" त्यांनी टोपीतूनच विचारलं.

"इथलेच गावंडे. गजेंद्रराव," नागसेनराव म्हणाले.

ते तोंड उघडणार होते. पण आपल्यामागे लोक काय बोलतात हे ऐकण्याचा योग कितीजणांना येतो? गजेंद्ररावांनी टोपी आणखी खाली ओढली.

"मानूस वाईट नोयता," आत्या म्हणाल्या.

"चांगला होता मग," कुणीतरी म्हणालं.

"तसं मी म्हटलं नाई."

"कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही," नागसेनरावांनी सावरून घेतलं.

"काम पडलं की तं नाईच नाई," मागून आवाज आला.

खुशालरावांनी बशी खाली ठेवली. "माह्या पोरीले तरास नोयता त्याईचा. घरात हाय का नाई, समजतच नसे."

गजेंद्ररावांच्या गॉगलवर वाफ धरली. एवढ्या वर्षांचा जावई, आणि जमाखात्यात एवढंच. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून खरंखुरं रडं ऐकू आलं. श्यामराव होते. ओक्साबोक्शी रडत होते. गजेंद्ररावांना भडभडून आलं. आपण या माणसाला उगाच वैरी समजलो, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि त्यांनी हातमोजा श्यामरावांच्या खांद्यावर ठेवला.

"तुमीच सांगा भाऊ," श्यामराव त्या अनोळखी हातमोज्याला म्हणाले, "आता मी फोटो दाखवू कोनाले? बाकीचे पाहतात अन् छान म्हणतात. जीव जळाचा तो ह्या एकाच मानसाचा."

हातमोजा खांद्यावरून उतरला. इतक्यात श्यामरावांचा फोन वाजला.

"हाँ, बोलिए… हाँ, वेटिंग में हमने ही नाम डाला था… सीट खाली हुआ? कैसे?" ते बराच वेळ ऐकत राहिले. गाईडनं रोजच्याप्रमाणे गजेंद्ररावांना फोन केला होता. ते उचलेनात म्हणून दामिनीला केला, आणि एसटी मिळेना म्हणून तिवश्याच्या स्टँडवर अडकलेल्या तिनं रडत रडत त्याला बातमी दिली होती. "हाँ, हम भी उधरीच बैठे हैं. बहुत बुरा हुआ." श्यामरावांनी रुमालानं डोळे टिपले. "पर सीट किसीको देना नहीं. हमारा नाम डालो."

निंदा सोसली होती, सासऱ्याचं प्रशस्तिपत्र सोसलं होतं. हे मात्र गजेंद्ररावांना सोसलं नाही. ते ताडकन उभे राहिले. "ते सीट माही हाय," ते ओरडले आणि माकडटोपी ओढून काढली.

कुणीतरी आनंदानं मिठी मारेल म्हणून गजेंद्रराव हात पसरून उभे होते.

"मंग आमी अकोल्याहून काहून आलो?" आत्यांनी विचारलं. नागसेनरावांनी निमूटपणे ग्रुपवर 'गजेंद्रराव जिवंत आहेत' असं टाकलं. त्याखालीही गल्लीनं हात जोडलेली चित्रंच टाकली.

दामिनी आली ती लाल डोळ्यांनी, पदर सावरत, धावत. नवरा दिसताच ती पायरीवर मटकन बसली आणि मोठ्यानं रडू लागली.

"तू रडली?" गजेंद्ररावांनी विचारलं.

"तिवश्यापासून रडून राहिली," ती म्हणाली. मग तिनं बांबू पाहिले, गवत पाहिलं, मडकं पाहिलं, हातमोजे पाहिले, खिशातला न उचललेला फोन पाहिला, आणि तिचं रडं थांबलं.

इकडे दोघे साडू सीट कुणाची यावर हमरीतुमरीवर आले होते. श्यामराव म्हणत होते, नाव आता आमचं लागलं. गजेंद्रराव म्हणत होते, मेलेल्याची जागा जाते, मी मेलोच नाही. दामिनीनं गाईडला फोन लावला आणि दोन वाक्यांत निकाल दिला. "सीट पौर्णिमाची. आमी दोघी बयनी जातो." पौर्णिमा म्हणजे श्यामरावांची बायको, ती जीपमधून उतरल्यापासून प्रथमच हसली. गाईडची हरकत नव्हती. त्याला फक्त फोन उचलणारं माणूस हवं होतं.

जानेवारीत बर्फातले फोटो येऊ लागले. दोघी बहिणी पट्ट्यांवर ताठ उभ्या, मागे देवदाराची झाडं. घरी एकटं करमेना म्हणून श्यामरावही अमरावतीला येऊन राहिले होते. खुशालरावांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांत ड्रॉप टाकायचं काम थोरल्या जावयाकडे आलं. धाकटे जावई खाटेवर पडून फोटो पाहत आणि उसासे टाकत.

ते काम गजेंद्ररावांनी जीव ओतून केलं. साबणानं हात धुवायचे, पापणी अलगद खाली ओढायची, थेंब नेमका कोपऱ्यात सोडायचा. सासुरवाडीत नाव कमवायला बर्फात जायची गरजच नव्हती, असं त्यांना आताशा वाटू लागलं होतं. एका दुपारी ड्रॉप टाकून झाल्यावर खुशालरावांनी मिटल्या डोळ्यांनीच चाचपडत त्यांचा हात धरला.

"लय हलका हात हाय तुमचा," ते म्हणाले. "डोयाले समजतबी नाई. असा जावाई भेटाले नशीब लागते."

वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच.

"माह्या पोरीनं पुण्य केलं म्हणून तुमी भेटले, श्यामराव."

"मी गजेंद्र, मामाजी."

खुशालरावांनी हात सोडला.

"तरीच," ते म्हणाले, "जरा चुरचुरून राहिलं."