राऊतकाकांच्या अंगातलं रक्त

राऊतकाका बोईसरच्या बाजारातून घरी निघाले, की दहा मिनिटांच्या रस्त्याला त्यांना तास लागतो. भेटेल त्याला नमस्कार. रिक्षावाल्याला, भंगारवाल्याला, मासळीवालीला, बँकेच्या दारातल्या वॉचमनला. तोही नुसती मान हलवून नव्हे, पिशवी खाली ठेवून दोन्ही हात जोडून. परवा एका रिक्षावाल्यानं घाबरून रिक्षाच बंद केली.

"क्या हुआ चाचा? कोई गुजर गया क्या?"

"नाय रे बाबा. मैं नहीं गुजरा, इसलिए."

हा माणूस वर्षभरापूर्वीपर्यंत कुणाला साधा रामराम घालत नव्हता. तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सचे फोरमन. मूळ दातिवऱ्याकडचे, त्यामुळे बोलणं तिकडचं आणि ओरडणं प्लांटमधलं. कंत्राटी कामगार त्यांना लांबून पाहूनच बिडी विझवत, आणि पाठ वळली की त्यांच्या नावानं खडे फोडत. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. कोळगावच्या जिल्हा कचेरीत दिवसभर साहेबांचं ऐकायचं आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीपलीकडून राऊतकाकांचं, असा माझा संसार.

निवृत्त होतात न होतात तोच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मुंबईला नेलं, बायपास ठरली. रुग्णालयानं सांगितलं, रक्त देणारी माणसं आणा. काकूंनी घाबऱ्या घाबऱ्या कंपनीत फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोभर कंत्राटी कामगार रुग्णालयाच्या दारात उतरले, रक्त दिलं, चहा-बिस्किटं घेतली आणि दुपारच्या पाळीला परत गेले. नावं विचारायचं कुणाला सुचलं नाही. काका शुद्धीवर आल्यावर काकूंनी एवढंच सांगितलं, "तुमी ज्यांना शिव्या घालायचात ना, तीच पोरं होती."

तेव्हापासून हे नमस्कार. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "अरे अविनाश, कोणाचं रक्त अंगात फिरतंय, मला काय ठावं? उगाच कोणी ऱ्हायला नको."

डॉक्टरांनी घरी सोडताना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि दोन गोष्टी बजावल्या. गोळी चुकवायची नाही, आणि जपून राहायचं, कारण कापलं-खरचटलं तर रक्त लवकर थांबणार नाही. दुसरा कुणी असता तर जपून राहिला असता. काकांनी घराचा प्लांट केला.

कंपनीत अशी पद्धत असते म्हणे, की पाइपाच्या लाइनमध्ये धोका असेल तर तिच्या व्हॉल्व्हला लाल टॅग बांधायचा. धोका संपला की टॅग काढायचा. पण ज्यानं बांधला त्यानंच. दुसऱ्यानं त्याला बोट लावायचं नाही, मग तो कंपनीचा मालक का असेना. काकांनी निवृत्त होताना हे टॅग गठ्ठ्यानं घरी आणले होते, ते आता कामाला आले. विळीला टॅग. सुरीला टॅग. किसणी, नेलकटर, कात्री, देवघरातली समईची वात सारायची टोकदार काडी, सगळ्यांच्या गळ्यात लाल पाटी: 'धोका. लाइन चालू आहे.' जिन्यातल्या गुलाबाच्या कुंडीलाही एक लटकला. शेवटी नखं आहेत म्हणून मांजराच्या गळ्यात बांधला. मांजर आमचं होतं. ते आठवडाभर ती पाटी मिरवत अख्ख्या कॉलनीत हिंडत होतं आणि लोक त्याला वाट देत होते.

एकदा काका सातपाटीला लग्नाला गेलेले, आणि इकडे काकूंना फडफडीत सुरमई मिळाली. विळीला टॅग! काकूंनी फोन केला.

"टॅग काढू काय? मासळी खराब होल."

"फोनवर टॅग निघत नाय!" काका तिकडून इतक्या जोरात ओरडले, की मला ते भिंतीतून ऐकू आलं. शेवटी सुरमई आमच्या घरी आली, आमच्या विळीवर चिरली गेली, आणि रीतीप्रमाणे तिच्यातली निम्मी आमच्याच कालवणात पडली. त्या दिवशी मी टॅगच्या पद्धतीचं तोंड भरून कौतुक केलं.

आणि मग एका सकाळी काकू आमच्या दारात उभ्या. चेहरा पांढराफटक.

"अविनाश, टॅग गेले."

"कुठले?"

"सगळे. विळीचा, सुरीचा, सगळे काढून ठेवलेत. आणि हे मागच्या अंगणात कोयत्यानं नारळ सोलतायत."

"मग सुटलात की काकू! चांगलंच झालं."

"अरे, चांगलं काय? टॅग कधी काढतात? धोका संपला की. ह्यांचा धोका कसा संपला? ह्यांनी गोळी बंद केलीय."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. आम्ही दोघं मागे धावलो. काका खुशीत नारळाच्या शेंड्या ओढत होते.

"काका, गोळी घेताय ना?"

"बंद. तीन-चार दिवस झाले." जसं काही नळाचं पाणी बंद केलं असावं! "रविवारी शाळेत रक्तदानाचं शिबिर हाय. पातळ केलेला माल कसा देऊ? त्या पोरांनी मला चांगलं घट्ट रक्त दिलं. मी काय त्यांना पाणी घातलेलं देऊ? जरा घट्ट होऊ दे, देतो, मग गोळी परत चालू."

मला आधी हसूच आलं. मरणाच्या दारातून परत आलेला हा माणूस पुन्हा त्याच दारात जाऊन उभा राहिला होता, आणि का, तर मापात पाप नको म्हणून!

"कोयता खाली ठेवा," काकू म्हणाल्या. इतकी वर्षं मी भिंतीपलीकडे एकच फोरमन आहे असं समजत होतो. "गोळी कोणी चालू केली?"

"डॉक्टरनं."

"मग तो टॅग डॉक्टरचा. तुमी काढलात कसा?"

काकांनी कोयता खाली ठेवला. तशाच शेंड्या लागलेल्या लुंगीवर आम्ही त्यांना रिक्षात घालून बोईसरच्याच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासलं. नशीब बलवत्तर, काही बिघडलं नव्हतं. मग त्यांनी काकांची जी खरडपट्टी काढली, ती कंत्राटी कामगारांनी ऐकायला हवी होती. "गोळीनं रक्तात पाणी होत नाही हो. रक्ताच्या गुठळ्या धरू नयेत, एवढंच ती बघते. ती बंद केलीत तर नवीन जोडलेल्या नळ्या बुजतील, मग काय कराल?" समोर उभं राहून गोळी गिळायला लावली. "आणि रक्तदानाचं विसरा. बायपास झालेल्याचं रक्त घेत नाहीत. आता कधीच नाही."

त्या 'कधीच'नं काका खचले. ओरडा त्यांनी पुष्कळ खाल्ला असेल, पण हा शब्द त्यांना लागला. घरी येऊन गपचूप एकेक टॅग जागच्या जागी बांधला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रविवार उजाडेपर्यंत भिंतीपलीकडून आवाज नाही. मला करमेना.

रविवारी काकूंनी काठापदराची साडी नेसली. मला हाक मारली आणि काकांना म्हणाल्या, "चला."

"मी कशाला? मला घेत नायत."

"तुमाला कोण विचारतंय? मी देणार हाय."

शाळेच्या वर्गात खाटा मांडल्या होत्या. पहिल्यांदा रक्त देणाऱ्याला साठीची अट होती, पण साठीला काकूंना अजून अवकाश होता. वजन केलं, बोट टोचून तपासलं, सगळं बसलं. काका मागून कुजबुजत होते, "अगो, तुला कशाला? फेड माझी हाय."

काकू वळल्या. "तुमची कशी? तुमाला तर ती पोरं घाबरायची. फोन मी केला. माझा नवरा वाचवा म्हणून मी रडले, तवा आली ती. फेड माझी हाय."

आणि खाटेवर जाऊन पडल्या.

पिशवीत लाल धार उतरायला लागली तसे काका ताठ झाले. मग त्यांनी वर्गाच्या दाराशी जाऊन असा आवाज दिला, की कौलांवरचे कावळे उडाले. "अरे, बघता काय? माझी बायको रक्त देतेय! या सगळी!" आवारात रेंगाळणारे शेजारी, नाक्यावरचे रिक्षावाले, पाळी सुटून घरी निघालेले कामगार, सगळे आत आले. खाटा कमी पडल्या. बिस्किटं संपली, परत आणली, परत संपली. सुईला जन्मभर भिणारा मी, मलाही दंडाला धरून शेजारच्या खाटेवर आडवं केलं गेलं. डोळे घट्ट मिटून पडलो होतो, म्हणून मला पुढचं फक्त ऐकू आलं.

"दुखतंय का गो?"

"लग्नाला इतकी वर्षं झाली, आज विचारताय?"

"आज विचारतोय. सांग."

न राहवून मी डोळे उघडले. काकूंच्या एका हातात सुई होती आणि दुसरा काकांनी धरून ठेवला होता, त्यामुळे डोळे पुसायला हातच मोकळा नव्हता. काका खाली वाकले आणि आपल्या शर्टाच्या बाहीनं त्यांनी ते पुसले.