ब्रेक, आत्या आणि पेढे

एका जंगलात कासव सोडून प्रत्येक जनावराकडे मोटारगाडी होती. पेट्रोल कुठून यायचं, ते मध्येच विचारू नका. विचारण्याचीही एक पद्धत असते, बाळांनो, आणि आजची गोष्ट तिचीच आहे.

त्या जंगलात सदोबा नावाचा साळिंदर राहायचा. त्याने जुनी गाडी घेतली आणि मोठ्या हौसेने आपल्या आत्याला फिरायला काढलं. याच आत्याने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आता तिचे गुडघे कामातून गेले होते. तिला गाडीत बसवायलाच चौघे लागले.

टेकडीच्या चढावर गाडी दमून थांबली आणि मागे सरकू लागली. सदोबाने ब्रेक दाबला, तर तो खाली जाईचना. हँडब्रेक जुन्या मालकाने आठवण म्हणून ठेवून घेतला होता. सदोबाने उडी टाकून चाकामागे हाताला लागला तो दगड लावला. दगड पेरूएवढा होता.

आत्या काहीतरी सांगत होती. पण सदोबा केव्हाच पायथ्याकडे पळाला होता. तिथे वडाखाली गाडीमालकांचं मंडळ बसायचं. कुणाच्याही गाडीचं दुखणं तिथे मांडलं की जाणकार उपाय सांगत, अशी ख्याती होती. सर्वांत जाणते कासवअण्णा. त्यांनी आजवर बारा हजार उत्तरं दिली होती.

"ब्रेक लागत नाही आणि आत्या गाडीत आहे," सदोबा धापा टाकत म्हणाला.

अण्णांनी डोळे मिटले. "नवीन दिसता. आधी ओळख करून द्या."

सदोबाने ओळख करून दिली. मग पेढ्यांचा विषय निघाला. नव्या गाडीचे पेढे दिल्याशिवाय पहिला प्रश्न घेत नसत. गाडी जुनी आहे, असं त्याने म्हणून पाहिलं. तुमच्यासाठी तर नवीनच ना, असं तरसाने गोड आवाजात सांगितलं. बिचारा धावत जाऊन पेढे घेऊन आला. वर पाहिलं तर दगड थोडा सरकलेला.

पेढे खाता खाता गव्याने सांगितलं की ही गाडी मुळात घ्यायलाच नको होती. तरस म्हणाला, माझा ब्रेक तर छान लागतो. मोराने सीटकव्हरचा रंग विचारला.

"जुने प्रश्न वाचलेत?" अण्णांनी विचारलं.

वडाच्या सालीवर तीस वर्षांचे प्रश्न कोरलेले होते. सदोबा डोळे पुसत वाचू लागला. आणि काय सांगू, त्याला सापडलं. एका सशाने कधीकाळी लिहिलं होतं, 'ब्रेक खाली जात नाही, सासरे गाडीत आहेत.' सदोबाचा जीव भांड्यात पडला. त्याने घाईने खालची ओळ वाचली.

'सुटला प्रश्न. आभार.'

बस्स, एवढंच. त्या सशाचा सदोबाला असा काही राग आला की त्याचे सगळे काटे ताठ झाले.

तेवढ्यात दगड निसटला. गाडी उलटी खाली आली. आत्या आत ताठ बसलेली. मंडळ चहूबाजूंना पांगलं, अण्णासुद्धा आयुष्यात प्रथमच घाईने बाजूला झाले. मंडळाच्या नियमांची पाटी आडवी करून गाडी चिखलात रुतली.

सदोबा रडतच दाराशी गेला. आत्या धडधाकट होती. तिच्या हातात एक दुधीभोपळा होता.

"हा तुझ्या ब्रेकखाली अडकला होता रे," ती म्हणाली. "माझ्या पिशवीतून घरंगळला. माझा हात पोचेना. आता धक्क्याने सुटला. मी सांगत होते, पण तू मला काही विचारलंच नाहीस."

सदोबाला हसूही येत होतं आणि रडूही. त्याने आत्याला जपून मिठी मारली.

मंडळाने सर्वांत आधी पाटी सरळ केली. मग अण्णा म्हणाले की पुढच्या नवख्यांसाठी उत्तर सालीवर कोरून ठेवा. सदोबाने खिळा घेतला. साल टणक होती. आत्याला भूक लागली होती. त्याने कोरलं, 'सुटला प्रश्न. आभार.'

आणि तो आत्याला घेऊन घरी गेला.

तात्पर्य: नवख्याने प्रश्न रीतसर विचारावा आणि सापडलेलं उत्तर कुणालाही सांगू नये. सांगितलं, तर उद्या पेढे कोण आणणार?