प्रमाणित सासरे

विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या एका अधिकाऱ्याने छोटा मिररलेस कॅमेरा घेतला आणि पहिला फोटो आपल्या सासऱ्यांचा काढला. सासरे, म्हणजे अण्णा, हे निवृत्त ड्रिल मास्तर. पत्नी गेल्यापासून ते लेकीकडे राहायला आले होते. खिडकीत बसून ते कशावर तरी खदखदून हसत असताना जावयाने बटण दाबले. फोटो घरात सर्वांना आवडला. इथेच थांबले असते तर पुढील कार्यवाहीची गरज पडली नसती.

परंतु जावयाने तो फोटो लघुकॅमेरा रसिक मंडळाच्या गटावर टाकला. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. चिटणीस एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले होते आणि कोणत्याही फोटोचे फक्त कोपरे बघत, म्हणून त्यांना सगळे कोपरेकाका म्हणत. त्यांचा अभिप्राय सर्वांत आधी आला.

"वरचा उजवा कोपरा मऊ आहे. म्हणजे पुसट."

"लेन्स बदला," अध्यक्षांनी लिहिले. फोटोत एक माणूसही आहे, ही बाब कोणाच्या निदर्शनास आली नाही.

जावयाने एका सभासदाची लेन्स मागून आणली आणि अण्णांचा पुन्हा फोटो काढला. या वेळी कोपरा टणक आला, पण तुलना बाद ठरली. अण्णांनी शर्ट बदलला होता, ते हसत नव्हते आणि खुर्चीही वीतभर सरकली होती. दोन लेन्सची तुलना करायची तर समोरची वस्तू तीच आणि तशीच राहायला हवी, हे तत्त्व मंडळाने एकमताने मान्य केले. अशी वस्तू कोणाकडे आहे? झाड वाऱ्याने हलते, मांजर पळून जाते, आणि सभासदांच्या बायका उठून स्वयंपाकघरात जातात. अण्णांना मात्र 'सावधान' म्हटले की 'विश्राम' म्हणेपर्यंत ते हलत नसत. उभी हयात त्यांनी मुलांना हेच शिकवले होते. पुढच्याच बैठकीत त्यांना मंडळाचा 'प्रमाणित विषय' घोषित करण्यात आले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी सभासद लेन्सच्या पिशव्या घेऊन घरी येऊ लागले. खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा झाल्या. अण्णांचा राखाडी चौकड्यांचा शर्ट 'प्रमाणित शर्ट' ठरला आणि रंग उतरू नये म्हणून धुण्यावर बंदी आली. दाढीचे खुंट धारदारपणा तपासायला उत्तम असतात, म्हणून दाढी आहे तेवढीच ठेवावी असे सुचवण्यात आले. ती वाढत असल्याचे पुढच्या रविवारी लक्षात आले तेव्हा अध्यक्षांनी खेद व्यक्त केला.

अण्णांना आधी हे सगळे आवडले. "बघ की," ते लेकीला म्हणाले, "शाळा सुटल्यापासून माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता बघायला रांग लागते."

"अण्णा, ते तुमच्याकडे नाही हो बघत," लेक चहाचे कप उचलत म्हणाली.

"मग कुणाकडे बघतात?"

ती कप घेऊन स्वयंपाकघरात गेली.

एका रविवारी अण्णांनी स्वतःहून तोंड उघडले. प्रमाणित विषयाने बोलण्याची ही पहिलीच वेळ.

"मला जरा धूसर दिसतंय."

खोलीत एकदम उत्साह पसरला.

"कडेला की मध्यभागी?" कोपरेकाकांनी विचारले.

"सगळीकडेच. दिव्याभोवती कडी दिसतात."

"कोणती लेन्स?"

"अहो, माझे डोळे!"

"मग लेन्सच गेली," अध्यक्ष म्हणाले. निदान बरोबर निघाले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्याचे सांगितले. आतली लेन्स काढून नवी बसवायची, लवकरात लवकर.

मंडळाची तातडीची बैठक भरली. डोळा हा फोटोचा प्राण असतो, आणि नवी लेन्स बसली की डोळ्यातली चमक बदलणार. म्हणजे आजवरच्या सर्व तुलना रद्द! अजून चार लेन्स यायच्या बाकी होत्या. त्या येईपर्यंत शस्त्रक्रिया स्थगित ठेवावी, असा ठराव कोपरेकाकांनी मांडला. विषयाच्या प्रकृतीबद्दल मंडळाला सहानुभूती असल्याचेही ठरावात नमूद केले. जावयाने हात वर केला. विरोधासाठी करायचा होता, असे तो नंतर बायकोला सांगत होता. मोजणाऱ्याने तो बाजूने मोजला.

त्या आठवड्यात अण्णा दिवाणखान्याच्या दारावर आपटले. कपाळाला टेंगूळ आले.

"प्रमाणित कपाळ!" जावई नकळत बोलून गेला.

बायकोने हातातली पाण्याची पिशवी अण्णांच्या कपाळावर धरली आणि नवऱ्याकडे असे बघितले, की त्याने कॅमेरा मुकाट्याने कपाटात ठेवला. "तुमच्या बापाला असं आंधळं बसवून ठेवलं असतं का हो?" एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने अण्णांना दवाखान्यात नेले. जावईही मागोमाग गेला.

डॉक्टरीणबाईंनी लेन्सचे दोन-तीन प्रकार समजावले. तेव्हा मात्र त्याला राहवले नाही.

"यातली कोपऱ्यात शार्प कोणती?"

"ही डोळ्यात बसवायची आहे," बाई म्हणाल्या.

"ते कळलं. पण हिने काढलेला एखादा नमुना फोटो दाखवाल का?"

बाईंनी बायकोकडे पाहिले. बायकोने छताकडे पाहिले.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी काढून घरी आल्यावर अण्णा बराच वेळ लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. "किती वाळलीस गं," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही." ती हसली आणि पदराने डोळे पुसायला आत गेली.

मग ते जावयाला म्हणाले, "जावईबापू, आता दाखवा माझे फोटो. इतके दिवस बसलो, एकदा डोळे भरून बघू तरी."

जावयाने संगणक सुरू केला. पडद्यावर राखाडी गवतासारखे काहीतरी उगवले.

"हे काय?"

"तुमची दाढी. पूर्ण मोठी करून."

"बरं. आणि हे?"

"कानाची पाळी. डावीकडे एक लेन्स, उजवीकडे दुसरी. फरक बघा."

अण्णांनी फरक बघितला. पापण्या बघितल्या, गुंडी बघितली, शर्टाच्या चौकड्या बघितल्या. शेकडो चित्रे सरकून गेली.

"छान आहेत," ते हळूच म्हणाले. "पण यात मी कुठाय?"

जावई मागे मागे शोधत गेला. तो खिडकीतला हसरा फोटो त्याला हवा होता. तो त्याने केव्हाच, गटावरूनही, पुसून टाकला होता. कोपरा मऊ होता. दाव्यातली खोट शोधण्यात उभी नोकरी घालवलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच खोट स्वतःत सापडली. "अण्णा, चुकलंच माझं," तो म्हणाला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर थोपटले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

सकाळी अण्णांनी गुळगुळीत दाढी केली, शर्ट स्वतः धुतला आणि काही दिवस थोरल्या बहिणीकडे राहून येतो म्हणून पिशवी भरली. तिला नीट बघून बरीच वर्षे झाली होती. रविवारी मंडळ आले, तेव्हा खुर्ची रिकामी होती; अण्णा दाढी करून गावी गेल्याचे जावयाने सांगितले. विषयाने पूर्वसूचनेविना दाढी केल्याबद्दल निषेध नोंदवण्यात आला. मग कोपरेकाकांनी समोरच्या इमारतीची विटांची भिंत दाखवली. ती बोलत नाही, वाढत नाही, तिला कुठे जायचे नसते. मंडळ कृतज्ञतेने खाली उतरले. जावई तेवढा वरच राहिला.

बसथांब्यावर अण्णांना सोडायला लेक गेली होती. बसमध्ये चढता चढता त्यांनी वळून तिला कडक सलाम ठोकला, तेवढ्यात चप्पल निसटून खाली पडली आणि ते स्वतःच हसू लागले. तिने घाईत एक फोटो घेतला. हात हललेला, कुणा परक्या माणसाचा खांदा मध्ये आलेला, कोपरे तर कुठे आहेत ते सांगता येत नाही. जावयाने तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. त्याच्यासमोर उभा राहिला की तो मान अजिबात वळवत नाही, मधोमध बघतो. त्याला अजून कष्ट पडतात.

घरी येणारा प्रत्येक जण त्या फोटोपाशी थांबतो, हसतो आणि हटकून विचारतो, "लेन्स कोणती?"

"फोनवर काढलाय," लेक सांगते.

पुढचा प्रश्न काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण आत्ता तो तुमच्याही ओठांवर आलाय. त्याचे उत्तर ती कुणालाच देत नाही.