मारोतकाकांचं दाखल-खारीज

मारोतकाकांना काही सांगायला गेलं, की आधी ते ऐकायचं की नाही यावरच सुनावणी होते. ऐकायचं ठरलं तर पुढची गोष्ट. बहुतेक वेळा ठरत नाही.

परभणीत त्यांच्या शेजारी आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला याची कल्पना नव्हती. त्यांच्या बदामाची पानं आमच्या हौदात पडत होती म्हणून मी पदर खोचून त्यांच्या ओट्यापाशी गेले. माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत काकांनी हात वर केला.

“आधी आमच्या हिच्याकडं जाऊन आलात का? खालचं कोर्ट ते. तिथं निकाल इरोधात गेला तरच वर यायचं.”

काकू आतूनच म्हणाल्या, “पानं झाडून घेते मी उद्या.”

“झालं,” काका म्हणाले. “वर यायचं कारणच उरलं न्हाई. खारीज.”

मी घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, आपण वेड्याच्या शेजारी घर घेतलंय.

हळूहळू कायदा समजत गेला. नव्या तक्रारी फक्त सोमवारी आणि शुक्रवारी, कारण दिल्लीच्या सुप्रीम कोर्टात तसंच असतं. बुधवारी कुणी गेलंच, तर काका पेपर तोंडापुढे धरतात. तक्रार सांगायला चहाचा एक कप संपेपर्यंतची मुदत, आणि काका चहा बशीत ओतून भुरकन पितात. तेवढ्यात दोनपैकी एक गोष्ट पटवावी लागते: एक तर दुखणं समद्या गल्लीचं हाय, नाहीतर खाली लय मोठा अन्याय झालाय. माझ्या नवऱ्याने कुणीतरी फाटकासमोर स्कूटर लावतं म्हणून गाऱ्हाणं नेलं, तर म्हणाले, “तुमच्या एकट्याचं हाय हे. असल्याला दिल्लीत उभं करत न्हाईत.” नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना, तेव्हा मात्र अर्ज दाखल झाला आणि काका स्वतः वॉल्व्ह सोडणाऱ्याला गाठून आले. काकूंनीही ही विद्या उचलली आहे. भाजीत मीठ कमी पडलं असं काका म्हणाले, की स्वयंपाकघरातून उत्तर येतं, “मुद्दा एकट्याचा हाय. खारीज.”

हे खूळ कुठून आलं ते मला काकूंनीच सांगितलं. काकांचं शेत वालूरला. धाकटा भाऊ गंगाधर तिथेच राहतो, मेंढ्या राखतो. त्याच्या मेंढ्या काकांच्या शेतातून ओढ्यावर पाण्याला जायच्या. एका वर्षी त्यांनी उभ्या तुरीत तोंड घातलं आणि काकांनी बाभळीचे काटे लावून वाट बंद केली. गंगाधर म्हणाला, वाट आपल्या बापाने दिलेली आहे. काका म्हणाले, कागद दाखव. कागद नव्हता. दोघे भाऊ कोर्टात गेले आणि त्या दिवसापासून एकमेकांशी बोलायचे थांबले. खाली काका जिंकले, त्याच्या वरही जिंकले. मेंढ्या डांबरी सडकेने लांबच्या पाण्यावर जाऊ लागल्या, आणि उसाच्या ट्रॅक्टरखाली त्यातल्या काही गेल्या. मग गंगाधर दिल्लीला गेला. त्याच्या मागोमाग काकूंचे धपाटे बांधून घेऊन काकाही गेले.

“इतकं मोठं कोर्ट,” काका सांगतात, “नंबर आला, गंगाचा वकील उठला, दोघा जजसाहेबांनी कागद चाळला, एकमेकांकडं बगितलं अन् म्हणले, डिसमिस. मी अजून चष्मा पुसायलो व्हतो.”

परत आल्यावर काकांनी पेढे वाटले. दिल्लीने आपल्याला खरं ठरवलं म्हणून अख्ख्या वालुरात वाटले, आणि एक पुडा गंगाधरच्या घरी पाठवला. पुडा परत आला नाही.

आणि मग परभणीच्या त्यांच्याच वकिलाने सगळा गोडवा घालवला. तो म्हणाला, काका, दिल्लीने तुम्हाला खरं म्हटलंच नाही. प्रकरण ऐकायचं नाही, एवढंच म्हटलं. कोण खरं, कोण खोटं, त्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

काका जेवले नाहीत त्या दिवशी. नंतर दिसेल त्या वकिलाला गाठून ते विचारत सुटले, कुठलं ऐकायचं अन् कुठलं न्हाई, हे तिथं ठरवतात तरी कसं? त्यातूनच गल्लीतलं हे कोर्ट उभं राहिलं. आम्ही हसायचो. मीही हसले आहे, भरपूर.

यंदा उन्हाळ्यात गंगाधरची बायको पारूबाई काकूंकडे आली. मी तिथेच भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. पारूबाई खालच्या मानेने म्हणाली, “हे सेलूच्या बाजारात समदी मेंढरं विकायला काढायलेत. सडकेनं न्यायची हिंमत न्हाई राहिली ह्यांच्यात. तुमाला कळावं म्हणून आले, मागायला न्हाई आले.” आणि चहा न घेताच निघून गेली.

काका ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता खारीज म्हणणार. त्यांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “देशभराचे अर्ज येतात तिथं. समदे ऐकत बसले तर जन्म पुरायचा न्हाई. त्यांना निवडावंच लागतं, त्यांचं बराबर हाय. पण मला कुठं देशभराचं ऐकायचं व्हतं, बाई? मला एकच भाऊ. इतकी वर्षं त्याचं म्हणणं मी वकिलाच्या तोंडून ऐकलो.”



दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याने काका-काकूंना गाडीतून वालूरला नेलं. मीही गेले, मला राहवेना. गंगाधर लिंबाखाली बसला होता. मोठा भाऊ येताना दिसताच तो उठून उभा राहिला, कोर्टात उभं राहतात तसा, हात पुढे जोडून. काका त्याच्यासमोर मातीत बसले.

“बस गंगा. सांग.”

“काय सांगू?”

“समदं. बाप काय म्हणला, कधी म्हणला. मी मधी बोलणार न्हाई.”

गंगाधर खाली बसला. मग जे सुरू झालं ते ऊन उतरलं तरी थांबेना. वाटेवरून तो बापावर गेला, बापावरून आईच्या आजारपणावर, तिथून त्या पेढ्यांच्या पुड्यावर. पुड्यापाशी त्याचा आवाज फुटला. काका दोनदा मध्ये बोलायला गेले आणि दोन्ही वेळा काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला तर रडूच आलं, लपवायचं कशाला.

आता दर आठवड्याला काका वालूरला जातात. परवा बसमधून उतरून येताना दिसले. दोन्ही हातांवर काट्यांचे ताजे ओरखडे होते. मी विचारलं, “काका, मग शेवटी निकाल काय लागला?”

“निकाल कुठला?” ते म्हणाले. “अजून ऐकायलोय. तवर वाट मोकळी केली.”