एका काळ्या माशाचे बारसे

‘माझ्या घरात बिननावाचा एकही प्राणी पाऊल टाकू शकणार नाही,’ असे प्राध्यापक आत्माराम शेट्ये यांनी दिवाणखान्यात काचेची टाकी बसवली त्याच दिवशी जाहीर केले. ज्या प्राण्यांविषयी ही घोषणा होती त्यांना पाऊलच नसते, ही बाब त्यांच्या पत्नीने, यमुनाबाईंनी, लगेच लक्षात आणून दिली; परंतु तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने पत्नीच्या आक्षेपांना उत्तर द्यायचे नसते, हे तत्त्व सरांनी निवृत्तीनंतरही सोडले नव्हते.

सरांचा राग थंड असे. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे. वाक्ये लांबत आणि व्याकरण अधिक शुद्ध होई. आणि राग यायला रत्नागिरी शहरात कारणांचा तुटवडा नव्हता. बांगड्याच्या डोळ्यात बघून तो कालचा की परवाचा हे सांगणारे, पापलेट आणि हलवा यांत गल्लत करणाऱ्याला जावई करून न घेणारे हे शहर, मासा काचेआड गेला की त्याला सरसकट ‘रंगीत मासा’ म्हणून मोकळे होते, हे त्यांना सहन होत नसे. दुकानदाराने पिशवीवर ‘मिक्स आफ्रिकन’ असे खरडून दिले तेव्हा त्यांनी अत्यंत सौम्यपणे विचारले होते, की आपल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर आपण ‘मिक्स भारतीय’ असे लिहिले आहे काय? त्या दिवसापासून सर दुरून दिसले की दुकानदार मागच्या खोलीत जाऊन जेवायला बसे.

मासे होते आफ्रिकन सिक्लिड जातकुळीतले, मलावी सरोवराचे. त्यांना कठीण पाणी लागते आणि आमच्या जांभ्या दगडातून झिरपणारे पाणी तर अगदी मऊ. पाण्यात चुना उतरावा म्हणून सरांनी घरात खाल्ल्या गेलेल्या तिसऱ्यांच्या शिंपा उकळून टाकीच्या तळाशी पसरल्या, जांभ्याच्या चिऱ्यांच्या कपारी रचल्या आणि जाडजूड ग्रंथ मांडीवर घेऊन माशांची ओळखपरेड सुरू केली. पिवळेधमक अंग, त्यावर काळे-पांढरे पट्टे. मेलानोक्रोमिस ऑरेटस. नर काळपट असतो, मादी पिवळी असते, असे ग्रंथ सांगत होता. टाकीतले सगळे पिवळे. म्हणून सगळ्या माद्या. हा निष्कर्ष सरांना इतका निर्दोष वाटला, की त्यांनी तो यमुनाबाईंना दोनदा ऐकवला.

आणि मग एका सकाळी टाकीत काळा मासा दिसला.

काळा म्हणजे शाईसारखा काळा, अंगावर फिकट निळसर रेघा, आणि वागणे जप्तीला आलेल्या अधिकाऱ्याचे. तो प्रत्येक कपारीत डोके घालून आतल्यांना बाहेर काढत होता. सरांनी मोजदाद केली. एक पिवळा कमी भरत होता. माद्यांमधून नर उगवत नाही. तेव्हा हा बाहेरचा. एक पिवळी नाहीशी झाली आहे आणि प्रेत नाही. तेव्हा ती याने खाल्ली, काट्यांसकट. दोन पायऱ्यांत अतिक्रमण आणि खून असे दोन्ही गुन्हे सिद्ध झाले. अशा आरोपीला टाकीत ठेवणे म्हणजे न्यायाची थट्टा.

तळमजल्यावर काशीराम राहत असे. उभा जन्म बोटीवर काढून तो आता मांडवीच्या किनाऱ्याकडे बघत बसण्यापुरता निवृत्त झाला होता. त्याच्या मागील दारी दगडी हौद होता, आणि तो हौद सरांनी मनातल्या मनात केव्हाच शास्त्राच्या सेवेत रुजू करून घेतला होता. ते गॅलरीत गेले आणि वाकून म्हणाले,

“काशीराम, माझ्याकडून एखादा परका मासा आला, तर आपण ठेवून घ्याल काय?”

“घेऊ की सर,” काशीराम खालून म्हणाला. “माशाला नाय म्हननारं घर हाय काय मांडवीत?”

हौदाचा उल्लेख दोघांपैकी कोणीच केला नाही. सरांना तो अध्याहृत वाटला. काशीरामला हौद आठवायचे काही कारणच नव्हते. त्यात त्याची बायको कमळा गोधड्या भिजवत असे.

यमुनाबाईंचे गुडघे दुखू लागल्यापासून वरच्या आणि खालच्या घरातला सारा व्यवहार दोरीने चाले. कडीच्या डब्यात पाणी घालून, त्यात काळा मासा ठेवून, झाकण किलकिले करून सरांनी डबा दोरीने खाली सोडला. खाली कमळाने तो उघडला आणि ती भारावून गेली, असे तिने पुढे स्वतःच सांगितले. शेजारच्या घरून मासा यावा यात नवल नव्हते. पण ताजेपणाची खात्री पटावी म्हणून तो पोहताना पाठवावा, एवढे अगत्याचे शेजारी तिने पाहिले नव्हते. शिकलेल्या माणसांचे असेच असते, असे ती नवऱ्याला म्हणाली आणि विळी घेऊन बसली.

शेजारचे भांडे रिकामे परत करायचे नाही, ही रीत कमळाच्या घरात देवपूजेइतकीच कडक होती. दुपारी डबा दोरीला लागून वर आला तेव्हा त्यात तांदळाच्या पिठात घोळवून तळलेला, शेपटीकडचा निम्मा मासा होता. सरांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि निर्णय दिला.

“काळुंदर. भाट्याच्या खाडीतले. आणि गेल्या चार प्रहरांत पकडलेले.”

यमुनाबाईंनी तो तुकडा डब्यात वळवून पाहिला, सरांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्या भात वाढायला आत गेल्या.

आठवडा सरतो न सरतो तोच टाकीत दुसरा काळा मासा हजर झाला. पुन्हा एक पिवळा कमी. तोही दोरीने खाली गेला. डबा तळलेल्या काळुंदरासह वर आला. मग तिसरा. आता सरांच्या संशयाला माणसाचे रूप आले. ते रूप अनिलचे होते. अनिल हा यमुनाबाईंचा धाकटा भाऊ, पोफळीच्या वीजकेंद्रात नोकरीला. तो रविवारी बहिणीकडे येई आणि टाकीसमोर उभा राहून हसे. हसण्यासाठी कारण लागते. कारणाशिवाय हसणारा मनुष्य काहीतरी लपवत असतो. सरांनी त्याला खुर्चीवर बसवून, ‘आपण’ म्हणून संबोधून, खिसे दाखवण्याची विनंती केली.

“भावोजी,” अनिल उठत म्हणाला, “मी तिथं धरणाचं पाणी सांभाळतो. तुमच्या टाकीत चोरून मासे सोडायला मला कुणी रजा देत नाही.”

तो न जेवता गेला. यमुनाबाईंनी त्याच्यासाठी केलेली खीर फ्रिजमध्ये ठेवली आणि पुढचे दोन दिवस घरात फक्त टाकीचा पंप बोलत होता.

सरांनी टाकीच्या झाकणाभोवती दोरा गुंडाळला आणि त्यावर लाखेची मोहोर लावली. खाद्य घालायला फक्त बोटभर भोक ठेवले. मोहोर शाबूत राहिली आणि आत चौथा काळा मासा उगवला.

सरांनी पुन्हा पहिल्यापासून पायऱ्या मांडल्या. बाहेरून कोणी आला नव्हता. आतल्या कोणापासून तो होणे शक्य नव्हते, कारण आत सगळ्या माद्या होत्या, आणि हे त्यांनी स्वतः सिद्ध केले होते. उरली एकच शक्यता. निसर्ग, शिंपांचे ते पाणी आणि तो जांभा यांच्या संयोगातून, मांडवीच्या एका दिवाणखान्यात, जगाला अज्ञात अशी एक जात घडवत होता. काळ्याच्या कल्ल्यामागे एक निळसर ठिपका होता, तो एकाही ग्रंथात नव्हता. सरांनी सगळे ग्रंथ पाहिले होते. ज्या ग्रंथाची पाने कोकणच्या दमटपणाने एकमेकांना चिकटली होती, तोही त्यांनी बाहेरून पाहिला होता.

इथे सरांच्या आयुष्यातला एक सल सांगणे भाग आहे. त्यांच्या नावाने जगात काहीच नव्हते. फ्लॅट यमुनाबाईंच्या नावावर होता. महाविद्यालयाने वाचनकक्षाला नाव दिले ते पंखे देणाऱ्या आंबा व्यापाऱ्याचे. सरांनी लिहिलेले तर्कशास्त्राचे पाठ्यपुस्तक विद्यार्थी ‘ते निळं’ म्हणून ओळखत. आणि आता, उतारवयात, लॅटिन भाषेने त्यांच्यासाठी दार किलकिले केले होते: मेलानोक्रोमिस आत्मारामी. त्यांनी हे नाव स्नानगृहात मोठ्याने उच्चारून पाहिले. ते फार सुरेख घुमले. बारशाचा नियमही त्यांना पाठ होता: ज्याने आधी नाव दिले त्याचे नाव टिकते, मागाहून येणाऱ्याची विद्वत्ता कितीही असो.

त्यांनी दीपालीला बोलावून घेतले. दीपाली ही त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याची मुलगी. गोड्या पाण्यातल्या माशांवर प्रबंध लिहून नुकतीच मोकळी झाली होती. राजापूरहून सकाळच्या एसटीने ती आली, चहाला नको म्हणाली आणि टाकीसमोर उकिडवी बसली.

“सर, हा ऑरेटसचा नर आहे.”

“अशक्य,” सर म्हणाले. “इथे सगळ्या माद्या आहेत. सगळ्या पिवळ्या होत्या.”

“पिवळं दिसणारं सगळंच मादी नसतं. दुबळे नर मादीचाच रंग घेऊन गप्प राहतात, मार पडू नये म्हणून. वरचा एक काय तो काळा. त्याला काढलं की काही दिवसांत पुढचा काळा होतो.”

“आणि नाहीशा झालेल्या पिवळ्या? त्यांचा खून झाला आहे.”

“त्याच काळ्या झाल्यात, सर.”

“म्हणजे तुमच्या विभागप्रमुखाच्या खुर्चीसारखंच,” यमुनाबाई म्हणाल्या. “आधीचे सर निवृत्त होईपर्यंत तुम्ही नाही का किती वर्षं पिवळे होतात?”

सरांचे वाक्य अशा वेळी लांबायला हवे होते. ते लांबले नाही. त्यांच्याकडे एकच मुद्दा उरला होता आणि त्यांनी तो पणाला लावला. कल्ल्यामागचा ठिपका. त्या ठिपक्याचे तीन नमुने काशीरामच्या हौदात सुरक्षित होते. तिघांना शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि तिघांचाही ठिपका तसाच निघाला, तर दीपालीला आपले मत बदलावे लागेल. दीपाली म्हणाली की एका हौदात तीन नर टिकले असतील असे तिला वाटत नाही, पण बघायला तिची हरकत नव्हती. सर जिना उतरले. यमुनाबाईसुद्धा गुडघे धरून उतरल्या, आणि त्यावरून प्रसंगाचे महत्त्व कळावे.

हौदात दोन गोधड्या होत्या.

“कमळाताई,” सर म्हणाले, “माझे मासे कुठे आहेत?”

“कुटचे मासे?”

“जे मी दोरीने पाठवले ते.”

कमळाने पदराला हात पुसले आणि तिने काशीरामकडे पाहिले. काशीरामने समुद्राकडे पाहिले.

“ते तर खाल्लं ओ सर,” कमळा म्हणाली. “निम्मं आमी, निम्मं तुमी. डबा काय रिकामा पाटवलाव काय कदी?”

तर्कशास्त्रात हा क्षण फार स्वच्छ असतो: सगळी गृहीतके मान्य झालेली असतात आणि निष्कर्ष दारात उभा असतो. सरांना तांदळाच्या पिठाचा कुरकुरीतपणा आठवला. खुनाच्या आरोपाखाली ज्याला हद्दपार केले, त्याला आपणच काट्यांसकट चावून खाल्ले, आणि तेही तीन वेळा, लिंबू पिळून. शिवाय दर वेळी डोळे मिटून त्याला काळुंदर म्हटले.

“तुला ठाऊक होते?” त्यांनी पत्नीला विचारले.

“शेपटीवरच्या रेघा दिसल्या होत्या,” यमुनाबाई म्हणाल्या. “पण तुम्ही भाट्याची खाडी म्हणालात. वेळसुद्धा सांगितलीत. मग मी काय बोलणार?”

दीपाली हौदाच्या कठड्यावर बसून तोंडावर ओढणी धरून होती. थोड्या वेळाने तिने ओढणी काढली आणि अत्यंत आदराने सांगितले, की सरांनी वाईट वाटून घेऊ नये. आपल्या खाडीतले काळुंदर हेही सिक्लिडच, आफ्रिकेतल्या या माशांचेच कुळ. टाकीबाहेर बसून, ग्रंथ मांडीवर घेऊन सरांचे जे चुकले ते चुकले. पण तळलेल्या शेपटीवरून त्यांनी कुळ अचूक ओळखले होते.

सरांनी हे सांत्वन स्वीकारले. मग कोरड्या आवाजात ते म्हणाले, की निदान नामकरणाचा प्रश्न तरी आता मिटला. मासा ऑरेटसच आहे, त्याला दुसरे नाव नको.

“नाव तर हाय त्याला,” कमळा म्हणाली.

जिन्याकडे निघालेले सर मागे वळले.

“मंजे आमच्या घरात हाय. बाजारात मिळत नाय, कुनाला ठावं नाय, मग सांगायचं कसं? तवा ज्यांच्याकडनं आला त्यांचंच ठेवलं. आत्माराम. सर, राग मानू नका. मी आपली यांना हाक मारून सांगते, अवो, दोरीवरनं आत्माराम आला, चूल पेटवा.” मग गल्लीच्या दिशेने हात करून ती म्हणाली, “आता समदेच तसं म्हनतात. परवा शेजारची इचारत व्हती, आत्माराम कदी येनार परत?”

दीपालीने पुन्हा ओढणी वर घेतली. सरांनी हौदातल्या गोधड्यांकडे पाहिले, मग आपल्या गॅलरीतून लोंबकळणाऱ्या दोरीकडे. ज्याने आधी नाव दिले त्याचे नाव टिकते. नाव दिले गेले होते, ते लोकांत रूढ झाले होते आणि त्याला साक्षीदार होते. लॅटिनचे तेवढे राहून गेले होते, आणि नमुना जपून ठेवण्याचे.

“आणि,” त्यांनी अखेर विचारले, कारण विद्वानाने आपल्या नावाच्या प्राण्याविषयी काही जाणून घेतले पाहिजे, “लागतो कसा?”

कमळाने प्रामाणिकपणे विचार केला.

“आत्मारामला काटे फार,” ती म्हणाली. “सारात घातला तर नुसता टोचतो. पन चांगला तळला ना, की मग गप गिळता येतो.”