कुलपासमोरचे वीस गुण

सर्वांत वरच्या वर्गाला यंदा इंग्रजीत ‘सत्ता आणि प्रतिकार’ हा घटक लागला. त्यात एक नाटक, काही कविता आणि एका कैद्याची पत्रं होती. ही पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयात होती आणि ग्रंथालयाला कुलूप होतं.

कुलपाचं कारण इंग्रजीच्या सरांना चांगलं ठाऊक होतं. ग्रंथपाल त्यांची बायको होती. ती वारली, जागा रिकामी झाली, आणि जागा रिकामी असताना खोली उघडी ठेवायची नाही असा नियम होता. किल्ली वरच्या कार्यालयात जमा झाली. आत टेबलाच्या खणात तिचा वाचायचा चष्मा राहिला होता. तो मागायचा तर अर्जात ‘वस्तूचा उपयोग’ लिहावा लागे. सर तिथेच अडले.

दुसरी एक किल्ली घरी तिच्या पर्समध्ये होती. सरांनी ते कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

शिकवणं सारांशावर चाललं. हुकूमशहा तीन मुद्द्यांत पडायचा. कुणी आडवा प्रश्न विचारला की सर म्हणायचे, “हे परीक्षेला येणार नाही,” आणि वर्ग निवांत व्हायचा.

आडवे प्रश्न बहुधा एकाच मुलीचे असत. मुलं तिला ‘शंका’च म्हणत. ‘तुमच्या परिसरातील सत्तेचे एक उदाहरण द्या,’ या प्रश्नाला सगळ्यांनी जुने राजे लिहिले. शंकाने लिहिलं, ग्रंथालयाचं कुलूप. सरांनी ते दोनदा वाचलं. पण हाताला सवय होती. त्यांनी शेरा मारला : उदाहरण समर्पक, दहापैकी नऊ.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आलीच नाही. ग्रंथालयाच्या दारात जाऊन बसली. मागणी एवढीच, की दार उघडा.

मुख्याध्यापक तरातरा आले. ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांना आठवलं, की या घटकाच्या प्रात्यक्षिकाला वीस गुण आहेत आणि प्रात्यक्षिक म्हणजे काय करायचं हे अजून कुणालाच कळलेलं नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि फोटो काढला.

लगेच सूचना निघाली. प्रत्येक विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या तासाला कुलपासमोर प्रतिकार करावा. घोषणा आधी तपासून घ्याव्यात. उपोषण मधल्या सुट्टीपर्यंतच करावं. शंका म्हणाली, मला गुण नकोत, दार उघडा. तिला निःस्वार्थ वृत्तीचे गुण मिळाले. तिने सूचनेचा कागद फाडला, तर अभिनयाचे मिळाले. ही काहीही करो, हिचे वाढतातच, अशी मुलं कुरकुरू लागली.

तपासणीला साहेब आले. त्यांनी कुलूप हाताने हलवून पाहिलं आणि हे जिवंत शैक्षणिक साधन असल्याचा अभिप्राय दिला. ज्या शाळांची ग्रंथालयं उघडी होती त्यांना खुलासा विचारण्यात आला. पुढे नव्या ग्रंथपालाची मंजुरी आली, तेव्हा मुख्याध्यापकांनी ती आभार मानून परत पाठवली. खोली उघडली तर मुलांनी प्रतिकार कशाचा करायचा?

मंजुरी परत गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी सर घरून निघाले ते किल्ली खिशात घालून. चष्मा आणायचा आणि दार तसंच उघडं टाकायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. दारात शंका बसली होती. बाजूला पालक मुलांच्या पाण्याच्या बाटल्या धरून उभे होते. “आत हिचा चष्मा राहिलाय,” म्हणत सरांनी किल्ली कुलपात घातली, तोच एका वडिलांनी त्यांचा हात धरला.

माणूस वाईट नव्हता. रोज पेपर वाचून वरच्यांना शिव्या घालायचा. अन्यायाची चीड होती. असल्या कुलपाच्या गोष्टी तर आवडीने वाचायचा आणि चार जणांना वाचून दाखवायचा.

“सर, तुमचं दुःख कळतं हो,” तो हळूच म्हणाला. “पण परीक्षा तेवढी होऊ द्या.”

“मग उघडू?”

“मग धाकटीचं वर्ष आहे ना.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. एक आई म्हणाली, चष्म्याचं काय एवढं, आम्ही वर्गणी काढून नवा देऊ. सरांनी किल्ली बाहेर काढली.

शंका उठून उभी राहिली होती. किल्लीकडे बघत होती.

“सर, ही तुमच्याकडे होती? पहिल्यापासून?”

सरांनी किल्ली खिशात टाकली.

“बस खाली,” ते म्हणाले. “हे परीक्षेला येणार नाही.”