सोळा इंची वीस

"कोनाडा वीस इंच. वर अर्धा इंच हवेला. कर."

चौगले सरांनी शोकेसच्या फळीवर पेन्सिलीची रेघ ओढली. जोतीराम सुताराने रेघेकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"सर, आदी टीव्ही घरात तर येऊ दे की. मग माप घीतो."

"टीव्ही वीस इंची घ्यायचाय. वीस इंची वस्तू वीस इंचांत बसते. त्यात बघायचं काय?"

"तसं न्हवं सर, टीव्हीचं माप जरा येगळं..."

"जोत्या, नववीत भूमितीत किती पडले होते तुला?"

"अकरा."

"पेपर तपासला कोणी?"

"तुमीच की."

"मग कर."

जोतीरामने करवत उचलली. गणपतराव चौगले एकतीस वर्षं गणित शिकवत होते आणि एवढ्या वर्षांत फळ्यावरचं एक उत्तर त्यांना पुसावं लागलं नव्हतं. 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून विद्यार्थ्यांनी ऐकले नव्हते, हेडमास्तरांनी ऐकले नव्हते आणि अठ्ठावीस वर्षं संसार करून बनाबाईंनीही ऐकले नव्हते. पेठेत कुणाच्या प्लॉटचं क्षेत्रफळ असो, टाकीचे लिटर असोत, 'चौगले सर म्हणाले' म्हटलं की वाद तिथेच मिटायचा. बनाबाईंना याचा अभिमान होता आणि थोडी भीतीही होती. एवढं जपलेलं भांडं एक दिवस हातातून सुटलं तर आवाज फार मोठा होणार, असं त्यांना उगीचच वाटायचं.

टीव्ही आणायला सरांनी श्रावणातला दुसरा सोमवार धरला. श्रावणी सोमवारची शाळा अर्धीच असायची. बनाबाईंचा त्या दिवशी उपास, आणि अंघोळीपासून संध्याकाळी महादेवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. अकरा वर्षं त्यात खंड नव्हता. त्या लिहूनही काही सांगायच्या नाहीत, कारण लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच, असं त्यांचं म्हणणं. अगदीच नाइलाज झाला तर हातवारे करायच्या, आणि तेवढ्यासाठीही देवाकडे माफी मागायच्या.

नेमका त्याच सकाळी, सर शाळेत असताना, जोतीराम शोकेसला पॉलिश मारायला आला.

"काकी, तुमी तरी सांगा सरांस्नी. टीव्ही ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापतोर तिरपा मोजत्यात. आन् भवतीचा डबा त्येच्याहून रुंद असतोय. आजपतोर चाळीस शोकेस केल्यात मी. पर माझं ऐकत्यात व्हय?"

बनाबाईंनी जोरात मान डोलावली, बोलायला तोंड उघडलं, आणि सोमवार आठवून तसंच मिटलं.

दुपारी दोघं लक्ष्मीपुरीत बाळासोंच्या दुकानात गेले. बाळासोंचा आधी खतांचा धंदा होता. टीव्हीचं दुकान घालून सहाच महिने झाले होते, त्यामुळे बोलण्यात अजून युरियाचा जोर होता.

"या सर, या वहिनी! कसला दावू?"

"चौदा हजारांपर्यंत. फार भारी नको, फार हलका नको. मधला."

"मग ह्यो बघा. लई स्मार्ट हाय! शंभर चॅनेल धरतोय, आपलं आपणच हुडकतोय, आन् आपण झोपलो की आपणच बंद हुतोय."

"मला स्मार्ट नको. वर्गात स्मार्ट तीनच असतात आणि सगळा ताप तेच देतात. सरळ, सांगितलेलं ऐकणारा दाखव."

भिंतीला ओळीने बारा टीव्ही लावले होते आणि बारांवर एकच बाई बातम्या देत होती. एकात तिला कावीळ झाली होती, एकात ती थंडीने निळी पडली होती, एकात नुकतीच कुणाशी भांडून आल्यासारखी लालबुंद होती. सर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरले. बनाबाईंनी फक्त त्या बाईच्या कपाळावरची टिकली पाहिली. अकरा टीव्हींवर ती कुठे विटकरी, कुठे नारिंगी दिसत होती. एकावर मात्र त्यांच्या करंड्यातल्या कुंकवासारखी होती. त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"वहिनींची नजर बघा!" बाळासो म्हणाले. "रंगाला ह्याच्यासारखा दुसरा न्हाय. वीस इंची, तेरा हजार आठशे."

"वीस इंची?" सरांनी खिशातून टेप काढला आणि काचेवर आडवा लावला. "सोळा."

"काय सोळा?"

"इंच." टेप उभा झाला. "आणि उंची बारा. बाळासो, वीस कुठे आहेत?"

बाळासोंनी खोकं फिरवून दाखवलं. "हितं लिवलंय की सर, वीस."

"खोक्यावर पन्नास लिहिलं तर पन्नास होतील का? चार इंच कमी आहेत."

गिऱ्हाइकं जवळ सरकली. "सर, त्यो चौदाचा मोजा की," एकजण म्हणाला. तो अकरा भरला. "आन् पंचवीसचा?" तो वीस भरला. "आयला, म्हंजे समद्यातच मारलंय की! गेल्या दिवाळीला मी एकवीसचा न्हेलाय," असं म्हणून एकजण घरचा टीव्ही मोजायला पळालाच.

बनाबाईंना राहवेना. त्यांनी मनात 'शिव शिव' म्हटलं आणि सरांच्या डोळ्यांसमोर हवेत बोटाने वरून खाली एक तिरपी रेघ ओढली.

"काट मारायची? हा नको?" सर म्हणाले.

बनाबाईंनी मान हलवली आणि काचेच्या अगदी जवळ जाऊन या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुन्हा रेघ ओढली.

"वहिनी म्हणत्यात, काचंवर ओरखडा हाय!" बाळासो घाबरले. "आरं, ह्यो ठेव माघारी, आतला सीलबंद काढ!"

बनाबाईंनी कपाळाला हात लावला. त्याचा अर्थ बाळासोंनी 'काय हे नशीब' असा घेतला आणि ते पार ढासळले. "सर, दुकानाचं नाव घालवू नगा. चार इंच कमी तर चार वस्तू देतो. स्टॅबिलायझर घ्या, इस्त्री घ्या, भिंतीवरचं घड्याळ घ्या, आन् टीव्हीला झालरीचं कव्हर. इंचाला एक. झालं?"

"न्याय झाला," सर म्हणाले.

टेम्पो घरी आला तेव्हा अर्धी गल्ली दारात होती. चौघांनी टीव्ही उचलला, कोनाड्यापाशी नेला आणि तिथेच तो थांबला. रेटला, वाकडा केला, पुन्हा रेटला. आत जाईना.

"लाकूड फुगलंय," सर म्हणाले. "श्रावण आहे."

"सागवान हाय, सर," जोतीराम म्हणाला.

सरांनी डब्याला टेप लावला. तेवीस भरले. एवढा वेळ शांत असलेले सर पहिल्यांदाच चिडले. "दुकानात चार इंच कमी आणि घरात तीन इंच जास्त! याच्यात सोळा आहेत, बारा आहेत, तेवीस आहेत. वीस तेवढे कुठेच नाहीत. हा टीव्ही आहे का थट्टा? सोडणार नाही मी. थेट तक्रार करणार!"

त्यांनी टेबल ओढलं आणि ग्राहक मंचाला अर्ज लिहायला घेतला. तोवर एकवीसवाला घरचा टीव्ही मोजून आला, तो आणखी पाचजणांना घेऊनच. "सर, माझा सतराच भरला. तुमी म्होरं व्हा, आमी सह्या करतो." सगळे बाहेरच्या सोप्यात ओळीने बसले. बनाबाई एकदा सह्यांकडे, एकदा देवघराकडे पाहत राहिल्या. अर्ज गेला की सरांची चूक शिक्क्यासकट सरकारदरबारी जाणार होती.

दिवेलागण झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आरती भरभर म्हणावीशी वाटली. पण मनातल्या मनात म्हटली सगळी, एकही कडवं न गाळता, सावकाश. नैवेद्य दाखवला, पाणी फिरवलं, हात जोडले आणि देवघरातून त्या थेट सरांच्या कानाशी गेल्या.

"अवो, टीव्ही तिरपा मोजत्यात."

"काय?"

"ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापतोर. जोतीरामनं सकाळीच सांगितलंय. मी दिवसभर हात करून दमले."

सरांचं पेन थांबलं. अर्जात त्यांच्याच वळणदार अक्षरात 'रुंदी १६, उंची १२' असं लिहिलेलं होतं. त्यांना टेप लागला नाही. ओठ मात्र हलले. "दोनशे छप्पन्न... एकशे चव्वेचाळीस... चारशे." आणि मग अगदी हळू, "वीस. कर्ण."

"व्हय, त्योच शबुद!" जोतीराम आनंदला. "मगापासनं आठवत न्हवता बघा मला!"

सरांनी अर्जाची घडी घातली आणि सोप्यातल्यांना 'उद्या बघू' म्हणून वाटेला लावलं. जोतीरामने कोनाड्याची एक बाजू आधीपासूनच खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवली होती. त्याने ती काढली, तीन इंच सरकवून बसवली आणि टीव्ही आत गेला.

"उद्या त्या चार वस्तू परत द्यायच्या," बनाबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या. "फुकटची वस्तू घरात नगं. आन् चार माणसांदेखत बोललाय, तवा चार माणसांदेखतच सांगायचं."

"काय सांगायचं?"

"चुकलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी बनाबाईंनी न्हाणीघराबाहेरून ऐकलं, आत ते पाढा पाठ केल्यासारखे पुटपुटत होते. 'माझं चुकलं. माझं चुकलं.'

मंगळवारी शाळा सुटल्यावर दोघं चार वस्तूंची पिशवी घेऊन दुकानात गेले आणि दारातच थबकले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक टीव्हीवर नवा पुठ्ठा होता. 'अकरा इंच', 'सोळा इंच', 'वीस इंच', आणि खाली लाल अक्षरांत 'चौगले सरांच्या खऱ्या मापाने'. बाळासो आतल्या गोदामातून खोकी काढण्यात गुंतले होते.

समोर फेटा बांधलेला एक गृहस्थ सोळा इंचीवर हात ठेवून उभा होता.

"घ्या पावणं, डोळं झाकून घ्या," तो सरांना म्हणाला. "खास कुरुंदवाडवरनं आलोय मी. बाकी दुकानात फसवत्यात, सोळाला वीस म्हणत्यात. हितं चौगले सर सोता येऊन मोजून गेल्यात."

"ते माप बरोबर नाही," सर म्हणाले. "टीव्ही तिरपा मोजतात. कर्णाने. हा वीसच आहे."

"कर्ण? आन् त्यो कशाला आला मदीच?" फेटेवाला हसला. "पावणं, गणितातलं तुमाला कळतंय का चौगले सरांस्नी?"

सरांनी घसा साफ केला, बनाबाईंकडे एकदा पाहिलं, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मीच चौगले. माझं चुकलं."

फेटेवाल्याने त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"माझा मेव्हणा चार वर्सं चौगले सरांच्या हाताखाली शिकलाय," तो म्हणाला. "त्यो माणूस मरंल, पर 'चुकलं' म्हणणार न्हाय. कुणाचंबी नाव सांगताय व्हय?"

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. सरांनी साक्षीसाठी बनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण शब्दाच्या आधी हसूच फुटलं आणि पदर तोंडाला लावावा लागला. त्या रडतायत असं वाटून फेटेवाल्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"रडू नगा, वहिनी. घरी न्या ह्यास्नी. कालचा उपास बाधल्याला दिसतोय."